मूठभर कोंड्याचा धोंडबा

माझा मुलगा माझा नाही, असं मी रोज सकाळी दिवा लावून देवीला सांगत असे. देवीला खरं काय ते माहीत असतं. पण आणखी कोणी ऐकत असलं तर त्याच्यासाठी ते मोठ्यानं बोलावं लागायचं. मोठ्यानं म्हणजे माझ्या मानानं मोठ्यानं.

आमची दोन लेकरं गेली होती. मुलगी बारशाच्या आधीच गेली. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून ती घरी आलीच नाही. तिच्या पाठचा मुलगा घरी आला, पण सव्वा महिना व्हायच्या आत एका दुपारी झोपला तो उठला नाही. तिसऱ्या वेळी सासूबाई उमरेडहून आल्या त्या नवंकोरं सूप घेऊनच. पाचवी पुजली, बाळाला जुन्या धडप्यात गुंडाळून सुपात ठेवलं आणि ते सूप माझ्या हातात दिलं. तांडापेठेतल्या आमच्या गल्लीत समोरच यमुताईचं घर. तिची पाचही लेकरं जिती-जागती, धडधाकट. मी तिच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिले.

"काय विकून राहिली वं?" यमुताईनं विचारलं. तिला सगळं आधी सांगून ठेवलेलं होतं, तरी तिनं अगदी भाजीवालीला विचारावं तसं विचारलं.

"धोंडा आहे, ताई. घरात अडचण होते."

"धोंड्याले का भाव देऊ मी?" तिनं आतून मूठभर कोंडा आणून माझ्या पदरात टाकला, बाळ उचललं आणि दार लावून घेतलं. मी रिकामं सूप धरून रस्त्यात उभी. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग दार उघडलं. "माझं पोट्टं सांभाळायले ठेवतो तुयाकडे. दूध पाजजो त्याले," ती म्हणाली आणि बाळ माझ्या हातात दिलं.

त्या दिवसापासून तो यमुताईचा. जावळ काढायच्या दिवशी तिला लुगडं-नारळ देऊन तो परत घ्यायचा. तोवर नवं अंगडं नाही, शेजारून मागून आणलेलेच कपडे. गालावर ठसठशीत तीट. कोणी गोड म्हटलं की आपण नाही म्हणायचं. फोटो तर नाहीच. आयुष हे नाव आत्यानं कानात सांगितलं, ते कानातच राहिलं. हाक मारायची ती धोंडबा म्हणून. दगडाकडे कोण बघतं?

माझा स्वतःचा एक नेम होता. सकाळी उठल्यापासून दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. आंघोळ, तुळशीला पाणी, फुलवात, दिवा, आणि मग पहिला शब्द. माझे मालक भूपेश बुटीबोरीच्या कापड कारखान्यात सुपरवायझर आहेत, आणि माणूस मोठा हुशार. अवघड काही सांगायचं असलं की हे नेमकी तीच वेळ धरायचे. मी फुलवात वळत असायची, हे दाढी करता करता बोलून मोकळे व्हायचे.

एक गोष्ट मात्र मी कोणालाच सांगितली नव्हती. धोंडबा कोपऱ्याकडे बघून हसायचा. तान्ह्या लेकराला सटवाई हसवते, हे घरोघरी ठाऊक असतं. पण हा रांगायला लागला होता, आणि सटवाई इतके दिवस थांबत नाही. दुपारी घर शांत झालं की पाळण्यापलीकडच्या कपाटाकडे तो बघायचा. आधी एका जागी. मग त्याच्या जरा बाजूला. एकीकडे हसून झालं की दुसरीकडे वळून हसायचा, दोघांमध्ये कोणी रुसू नये तसा. मी त्या जागी कधी पाट ठेवला नाही. झाडतानासुद्धा तेवढी जागा सोडून झाडायची.

चतुर्थीला मी त्याला घेऊन टेकडीच्या गणपतीला गेले. हेही सोबत होते. दर्शनाच्या रांगेत पदर सरकला आणि मागे उभी असलेली एक मुलगी वाकून बघायला लागली. गळ्यात ओळखपत्र, हातात दोन मोबाइल.

"अगं बाई, किती गोड आहे हा."

"कसचा गोड," मी म्हणाले. "रडका आहे. रात्रभर झोपू देत नाही."

"आणि हे केस."

"उवा होतात त्यात."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करते आहे. तिचं नाव उन्नती. सीताबर्डीवर लहान मुलांच्या कपड्यांचं मोठं दुकान निघणार होतं, त्याच्या जाहिरातीचं काम तिच्याकडे होतं, आणि चौकातल्या मोठ्या फलकासाठी तिला एक बाळ हवं होतं. अर्ध्या तासाचं काम, पैसे लगेच. मी रांगेतून पुढे सरकले. देवासमोर डोळे मिटले तेव्हा माझ्या पाठीमागे हे तिला नंबर सांगत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते. हे दाढीचा साबण लावून आरशात बघत म्हणाले, "त्या बाईचा फोन आला होता. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पैसे पोराच्या नावावर टाकून देऊ. आपण त्यातला एक रुपया घ्यायचा नाही. विचार कर."

मी दिवा लावला. हात जोडले. आणि मग म्हणाले, "नाही."

"काहून नाही?"

"विकलेलं लेकरू आहे ते."

"तेच तर म्हणतो ना मी. तू सुपात घालून मूठभर कोंड्यात विकलं, ते चाललं. मी त्याचा नुसता फोटो दिला तर पाप? हा कुठला न्याय आहे वं?"

"मी लपवायले विकलं. तुम्ही दाखवायले विकून राहिले."

यमुताई तेवढ्यात आली. ती रोज सकाळी आपलं पोट्टं बघायला यायची, त्याला मांडीवर घेऊन त्याचा भात आधी स्वतः चाखायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि यांच्याकडे बघून म्हणाली, "अन् मालकिणीले विचारलं का गा, भूपेश? पोट्टं माझं, अन् भाव तू ठरवून राहिला."

"तुम्हीच सही करून द्या मंग, यमुताई."

"करतो ना. पण मंग पैसे माझे. मले दात बसवायचे आहेत."

हे हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ते मी पाहिलं. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

त्या संध्याकाळी जेवताना आमचं पुन्हा तेच निघालं. मी म्हणाले, "ज्याचा चेहरा त्याले विचारलं का?"

"नऊ महिन्याच्या पोराले का विचारू?"

"मंग थांबा ना. बोलायले लागू द्या."

"लस टोचली तेव्हा विचारलं होतं का त्याले?"

"लस त्याच्यासाठी होती. हे कोणासाठी आहे?"

यांनी घास तसाच हातात धरला. मग ताटात ठेवला आणि उठले.

दुसऱ्या दिवशी मी वात वळत होते तर हे माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसले. दाढी नाही, आरसा नाही. कापसाचा एक तुकडा हातात घेऊन चुरत बसले.

"काल तू विचारलं ना, कोणासाठी म्हणून. माझ्यासाठी." कापूस खाली ठेवला. "त्या दोघांचा एकही फोटो नाही आपल्याजवळ. सव्वा महिना फोटो नको म्हणे, आपण ऐकलं. आता मले चेहरा आठवत नाही, वंदना. पोरीचे हात आठवतात. चेहऱ्याच्या जागी काहीच येत नाही. तुमच्या घरी लेकरं झाली होती, असं कोणी म्हटलं, तर मी दाखवू काय? याले तरी एवढा मोठा लावू दे मले. भर चौकात. कोणाले पुसता नाही येणार असा."

मला बोलता येत नव्हतं. मुलाची हनुवटी कशी होती ते मलाही आठवत नव्हतं. तिळाएवढी खळी होती की नव्हती, यावर मी कितीतरी दुपारी घालवल्या होत्या. मी दिव्याला काडी लावली. वात पेटली आणि माझा पहिला शब्द निघाला, "जाऊ."

मी तीन गोष्टी कबूल करून घेतल्या. तीट पुसायची नाही. तो रडला की उठायचं. आणि मी हो म्हणेपर्यंत सही नाही. यांनी मान हलवली.

स्टुडिओ धरमपेठेत, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होता. खिडक्यांना काळे पडदे. मधोमध पांढरा कागद भिंतीवरून खाली जमिनीपर्यंत पसरलेला, कुठे भिंत संपते आणि कुठे जमीन सुरू होते ते कळू नये असा. फोटो काढणारा प्रज्वल नावाचा, पोरसवदा, बोलायला गोड. उन्नतीनं कोरं पिवळं झबलं दिलं. कोऱ्या कापडाचा वास धोंडबाच्या अंगाला तो पहिल्यांदाच. मी त्याचं मागून आणलेलं, विटलेलं अंगडं काढून माझ्या पिशवीत घातलं, तर मला आपलं उगाच वाटलं की त्याला उघड्या रस्त्यावर ठेवते आहे.

"तीट राहू द्या, ताई," प्रज्वल म्हणाला. "कॉम्प्युटरवर काढून टाकू."

त्याला कागदावर बसवलं. बाकीचे दिवे बंद झाले. छत्रीसारख्या कापडामागे एकच मोठा दिवा तेवढा राहिला. प्रज्वल कॅमेऱ्यामागे गेला आणि त्यानं चुटकी वाजवली.

"आयुष. ए आयुष. इकडे बघ, बेटा."

ते नाव मीसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं. मी यांच्याकडे वळले. "तुम्ही नाव सांगितलं?"

"फॉर्मवर लिहावं लागतं."

"जावळाआधी? यमुताईचं असताना?"

यांनी कागदावर बसलेल्या मुलाकडे बघत हळूच सांगितलं, "तिचं नाही आता. परवाच लुगडं-नारळ देऊन घेऊन आलो मी. तुझ्याच हातचा नारळ आहे म्हणून सांगितलं तिले."

दिवा लागलेला नव्हता असंच वाटलं मला, बोलायची परवानगीच नव्हती. मला म्हणणारे हे, की कोंडा न् सूप सगळे मनाचे खेळ आहेत. आणि याच माणसाला विकलेल्या लेकराच्या बापाच्या जागी आपलं नाव लिहिता आलं नव्हतं. चोरून जाऊन, नारळ देऊन, आधी त्याला आपला करून घ्यावं लागलं होतं. म्हणजे दोन दिवस झाले तो आमचा होता, यमुताई सकाळी फिरकली नव्हती ती म्हणून. उघड, नावासकट आमचा. आणि मी सकाळी देवीला खोटं सांगत होते.

"आयुष," प्रज्वलनं पुन्हा हाक मारली. खुळखुळा वाजवला. उन्नतीनं लाल फुगा नाचवला. धोंडबानं कशाकडेच पाहिलं नाही. तो प्रज्वलच्या मागे, काळ्या पडद्याकडे बघत होता. ओळखीचं कोणी उशिरा यावं तसा त्याचा चेहरा उजळला. तो खळखळून हसला. मग मान जरा बाजूला वळवून तिकडेही हसला.

"सुपर," प्रज्वल म्हणाला, आणि कॅमेरा कटकट वाजत राहिला. "मागे कोण आहे, मॅडम? त्यांना तिथंच थांबायला सांगा."

"कोणीच नाही मागे," उन्नती म्हणाली.

मी पाहिलं नाही तिकडे. ज्याला बघायचं त्यानं बघितलं होतं.

मग प्रज्वलनं आम्हाला कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसवलं. आयुषचा चेहरा त्यावर ताटाएवढा झाला. उन्नती म्हणाली, असलं हसू तिनं जाहिरातीत पाहिलंच नाही, आणि फॉर्म यांच्यापुढे सरकवला. यांनी पेन उघडलं. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, नाहीही म्हटलं नाही. मी फक्त त्या गालाकडे बघत होते, कारण प्रज्वलनं बोलता बोलता एकदा बोट फिरवलं आणि तीट गेली. तिच्या जागी गुळगुळीत गाल, तीट कधी नव्हतीच असा.

"आता डोळे," तो म्हणाला. "डोळ्यात दिव्याचा ठिपका पडतो ना, सर, त्यानंच डोळा जिवंत वाटतो. हा बघा." त्यानं एक डोळा मोठा केला, आणखी मोठा केला. काळ्याभोर बाहुलीत पांढरा गोल ठिपका होता, छत्रीच्या दिव्याचा. आणि त्याच्या शेजारी, एकाला एक लागून, दोन बारके.

"हे कशाचे?" यांनी विचारलं.

"असेल कशाचं तरी. कोणाचा मोबाइल वगैरे."

"मोबाइल पिशवीत आहेत सगळ्यांचे. लाइट तर एकच होता."

"होतं असं कधी कधी, सर. उडवून टाकतो दोन्ही." त्यानं बोट फिरवलं आणि त्यातला एक ठिपका गेला.

"परत आण तो." यांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता.

"सर?"

"उडवू नको म्हणतो मी. आण परत."

प्रज्वलनं एक बटण दाबलं. ठिपका परत आला. इतकं सोपं होतं ते. एक बटण, आणि गेलेलं परत. हे पुढे झुकले, पडद्याला नाक लागेल इतके. त्यांच्या तोंडाची वाफ काचेवर धरत होती, विरत होती. मी उठून मुलाला त्या पांढऱ्या कागदावरून उचलून घेतलं, तेव्हा तो माझ्या खांद्यावरून अजून त्या काळ्या पडद्याकडेच बघत होता.

यांनी पेनाला टोपण लावलं. "ताई, सही नाही करत मी."

उन्नती वाईट मुलगी नव्हती. समजावणीच्या सुरात म्हणाली, "सर, आपण बाळ नाही विकत. कपडे विकतो."

"माहीत आहे मले. तरी नाही. तुमचा वेळ गेला, त्याचं काय असेल ते सांगा, मी देतो."

"वेळेचं राहू द्या. पण कारण तरी?"

यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं, खाली घेतलं. "घरी लहानं आहेत," एवढंच म्हणाले.

तिला काही कळलं नसावं, पण तिनं पुन्हा विचारलं नाही. आमच्यासमोर सगळे फोटो मिटवले. एकाची प्रत यांनी त्याआधीच मागून घेतली होती, काही न पुसलेली. तिटेसकट, ठिपक्यांसकट. ती कुठे ठेवली ते मी विचारलं नाही.

घरी येताना गाडीवर मी एवढंच म्हणाले, "तुम्ही काहून नाही सांगितलं मले?"

"सांगणार होतो. सकाळी. तू दिवा लावायच्या आधी." वळण घेऊन म्हणाले, "पण ती गोष्ट अशी होती की तुले बोलता यायले पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून आले तर सूप माळ्यावरून खाली आलेलं होतं. यांनी ते पुसलं, त्यात जुनं धडपं अंथरलं आणि झोपेतल्या मुलाला अलगद उचलून त्यात ठेवलं. पुरुषानं सूप घ्यायची रीत नाही. मी सांगणार कशी? दिवा लागायचा होता. हे सूप घेऊन गल्ली ओलांडायला लागले आणि मी मागे.

यमुताई ओट्यावर दात घासत होती. तिनं सूप पाहिलं, यांना पाहिलं, मला पाहिलं. चूळ भरली.

"काय विकून राहिला गा?"

"धोंडा आहे," हे म्हणाले. "घरात... अडचण होते."

"तेरवा घेतला, आज विकतो. बाजार मांडला का पोट्ट्याचा?" पण ती आत गेली आणि डबा घेऊन आली. मूठभर कोंडा काढून माझ्या पदरात टाकला.

धोंडबा जागा झाला होता. सुपातून मान उचलून तो आमच्या मागे, मोकळ्या गल्लीकडे बघत होता. हसला. मान जरा वळवली, पुन्हा हसला. यमुताईची नजर त्याच्या नजरेमागून गेली. ती कितीतरी वेळ तशीच बघत राहिली. डब्याचं झाकण लावायला उचललेला तिचा हात थांबला.

तिनं डब्यात पुन्हा हात घातला. एक मूठ काढली, माझ्या पदरात टाकली. आणि मग आणखी एक.

"हे माझे," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच, खरखरीत. "सगळे. सांभाळायले ठेवतो तुयाकडे. नीट ठेवजो."

घरी येऊन मी दिवा लावला. देवीला सांगितलं, माझी तिन्ही लेकरं माझी नाहीत. त्या दिवशी मी पहिल्यांदा कपाटासमोरची जागा झाडून घेतली आणि तिथं पाट मांडला.

दिवाळीच्या सुमारास सीताबर्डीच्या चौकात तो फलक लागला. पिवळं झबलं तेच, आत बाळ दुसरं. कोणाचं असेल? दोन मजले उंच हसत होतं, गालावर कुठे काळा ठिपका नाही. आम्ही गाडीवर होतो, धोंडबा माझ्या मांडीवर, कोणाच्या तरी जुन्या स्वेटरात. सिग्नल हिरवा होता, मागून हॉर्न वाजत होते, तरी यांनी गाडी कडेला घेऊन थांबवली. मी दोन्ही हात वर करून त्या अनोळखी लेकरावरून लांबूनच ओवाळले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.